वन्संच्या गाडीचं मागचं चाक

भिंगरीला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. वडिलांच्या गॅरेजमध्ये लहानपणी पडलेलं हे नाव लग्नानंतरही तिला चिकटून राहिलं. तिचा नवरा शिंपी. तो म्हणायचा, "तुला खुर्चीला टाके घालूनच बसवायला हवं." घराच्या पुढच्या खोलीत त्याचं शिलाई मशीन, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचं गॅरेज आणि मधल्या फळीवर दोघांचा सामायिक पसारा.

त्याची थोरली बहीण टेकडीवरच्या दवाखान्यात नर्स होती. भिंगरी तिला वन्सं म्हणायची. वन्संनी आपली गाडी या शेडमध्ये कधी आणली नव्हती. "घरच्या माणसाला काम दिलं की चुकल्यावर रागावता येत नाही," असं त्यांचं रोखठोक म्हणणं. पण मागचं डावं चाक तापून करपट वास यायला लागला, मोठ्या वर्कशॉपने आठवडाभर थांबायला सांगितलं, तेव्हा त्या नाइलाजाने आल्या.

चाक उतरवताच दुखणं सापडलं. कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारा ब्रेकचा पंजा, अडकून बसला होता. आतला पिस्टन गंजून जाम झाला होता. या पंजालाच हँडब्रेकही जोडलेला असल्यामुळे पिस्टन स्क्रूसारखा आट्यांवर होता, नुसता ओढून येईना. भिंगरीने तो फिरवून फिरवून बाहेर काढला, आतली भिंत घासून आरशासारखी केली, नवं रबरी सील फळीवरच्या वाटीत बुडवून बसवलं. सगळं जोडून, नळीतली हवा काढून, गल्लीत दोनदा करकचून ब्रेक लावून पाहिला. सकाळी वन्सं गाडी घेऊन गेल्या. कौतुकाचा एक शब्द नाही, पण नावंही ठेवली नाहीत. वन्संच्या बाबतीत हे थोडं नव्हतं.

दुपारी नवरा शेडच्या दारात आला. "अगं, फळीवर मशीनच्या तेलाची वाटी ठेवली होती मी. दिसली का?"

भिंगरीच्या हातातला पाना तसाच राहिला. फळीवर दोन वाट्या होत्या. सारख्याच. एकीत तिचं ब्रेक ऑइल, दुसरीत त्याचं मशीनचं तेल, दोन्ही पिवळट पातळ. सील कुठल्या वाटीत बुडवलं?

ब्रेक ऑइलला ऑइल म्हणतात एवढंच. ते पाण्यात विरघळतं. सील बुडवलेली वाटी कामाच्या टेबलावरच होती; तिने तिच्यातला थेंब पेल्यातल्या पाण्यात सोडला. थेंब वर तरंगला. त्याच वाटीतला दुसरा सोडला. तोही तरंगला.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"सीलला मशीनचं तेल लागलंय. रबर फुगणार. पिस्टन पुन्हा अडकणार, आणि वन्सं टेकडीवर."

दवाखान्याचा फोन नुसता वाजत राहिला. भिंगरी येरझारा घालू लागली. वन्सं दुपारी घरोघरी पेशंट बघायला उतारावरून खाली येतात. हात लावीन तिथे माती! पहिल्यांदाच काम दिलं आणि हे असं. मग एकदम थांबून तिने जॅक, पाने, ब्रेक ऑइलची नवी बाटली पिशवीत कोंबली, वाटेत दुकानातून नवं सील घेतलं आणि स्कूटर दामटली. प्रत्येक वळणावर समोरून येणाऱ्या गाडीत ती वन्संचा चेहरा शोधत होती.

गाडी दवाखान्याच्या आवारात उभी होती. वन्सं किल्ली हातात घेऊन पायऱ्या उतरत होत्या.

"थांबा! चालवू नका. माझ्याकडून चूक झालीय." आणि तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. वाटीसकट.

वन्संनी तिच्याकडे नखशिखांत पाहिलं. "हे फोनवर सांगता आलं असतं."

"तुम्ही उचलला नाहीत."

"टाके घालत होते मी. आता किती वेळ?"

"तासभर. पण हवा काढताना ब्रेक दाबायला माणूस लागेल."

"म्हणजे मीच!"

भिंगरीने कॅलिपर पुन्हा उघडला. सील काढून नव्याशेजारी धरलं. ते खरंच गुबगुबीत झालं होतं. तिने सगळे भाग धुतले, कोरडे केले आणि नवं सील सीलबंद बाटलीतल्या ब्रेक ऑइलने भिजवून बसवलं. वन्सं स्टिअरिंगमागे बसल्या.

"दाबा. धरून ठेवा. सोडा. पुन्हा."

"माझ्यावर हुकूम चालवायला मजा येतेय ना?"

"दाबा, वन्सं!"

जुनं तेल पार निघून नवं स्वच्छ, बिनबुडबुड्याचं येईपर्यंत हे चाललं. मग दोघींनी मिळून उतारावर एक फेरी मारली. गाडीतून उतरून वन्संनी स्वतः चाकाजवळ हात नेला, ताप बघतात तसा.

"नॉर्मल," त्या म्हणाल्या. "उजव्या चाकाचंही कधीतरी बघ."

भिंगरीने जॅक आणि पाने पिशवीत भरले. तिने स्कूटर सुरू केली. पहिल्या वळणापर्यंत गेली आणि मनात आलं, कॅलिपरचा खालचा बोल्ट आवळला ना? आवळला होता, तिला पक्कं आठवत होतं. तरी ती माघारी वळली.

"आता काय?" वन्सं गाडीच्या खिडकीतून ओरडल्या.

"काही नाही. बघून जाते," म्हणत ती गाडीखाली शिरली.