उस्ताद आणि सहा रायफली

उस्तादांना खुर्चीत स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. टेकायचे, लगेच उठायचे, खिडकीशी जाऊन वाऱ्याचा वास घ्यायचे. "सुटला बघ खारा वारा!" म्हणत किल्ल्या वाजवत निघाले शस्त्रखोलीकडे. नव्वदच्या दशकात वसईतल्या आमच्या कॉलेजात कॅडेटना नेमबाजी शिकवायला आलेले हे साताऱ्याकडचे हवालदार. "तुमची हवा म्हंजी रायफलीची सवत," हे त्यांचं ठाम मत. रायफली होत्या सहा, आणि गंज चढेल या धास्तीनं त्यांना लग्नाच्या सहा पोरी घरात असल्यासारखा घोर.

मी आगाशीची, केळीच्या वाडीवाल्यांच्या घरातली, पायाला भिंगरी. मला गोळ्या झाडायच्या असत. उस्ताद आधी हातात चिंध्या देत. दोरीला चिंधी अडकवायची, मागून नळीत सोडायची, पुढून एका दमात ओढायची. मधे थांबलं की ओरडलेच. "थांबलीस तिथं मळ राहिला! पुन्हा!" मग रायफलीचा मागचा सरकता बोल्ट काढलेल्या जागी अंगठ्याचं नख धरायचं. नखावरून उजेड आत जातो, तो नळीच्या तोंडाकडून बघायचा. नळी लख्ख दिसली तर तेलाची चिंधी, नाहीतर परत पहिल्यापासून. "नेम काय, कुणीबी धरतंय. नळी राखाया चिकाटी लागती." मी मनात म्हणे, चिकाटी गेली खड्ड्यात, माझी बस चुकतेय!

जानेवारीत मोठ्या साहेबांची तपासणी होती, आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी उस्ताद निवृत्त होणार होते. चोवीस वर्षांत त्यांच्या कागदावर एक शेरा नव्हता. हे ते दिवसातून दोनदा तरी ऐकवत. आदल्या संध्याकाळी पाच रायफली त्यांनी स्वतः साफ केल्या, सहावी मला दिली आणि फोन आला म्हणून ऑफिसात गेले. तेलाचा डबा बघते तर ठणठणाट! नवा डबा कपाटात, किल्ली उस्तादांकडे आणि बस सुटायला दहा मिनिटं. पिशवीत आईसाठी वसईतल्या होळी नावाच्या बाजारातून घेतलेली घाण्याच्या खोबरेलाची बाटली होती. म्हटलं, तेल ते तेल! चिंधी भिजवली, ओढली, मोकळी झाले.

उस्ताद आले. "तेल दिलंस?"

"दिलं."

एरवी दोनदा बघणारा माणूस, त्या दिवशी न बघताच कुलूप घातलं. "आता तुझ्या हातचं बघाया नको," म्हणाले. एवढं कौतुक त्यांनी कुणाचंच केलं नव्हतं. मी धावत बस गाठली.

थंडीत खोबरेल गोठतं, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. सकाळी साहेबांनी नेमकी सहावी उचलली आणि नळीला डोळा लावला. मग चिंधी ओढायला लावली, तर बाहेर आल्या पांढऱ्या गुठळ्या. "ये क्या है?" उस्तादांनी चिंधी हुंगली. एकदाच माझ्याकडे पाहिलं. "गलती मेरी है, साब. मैंने डाला." आणि मी मेली गप्प उभी राहिले! शेरा बसला.

पुढचे तीन आठवडे उस्ताद मला चिंधी देईनासे झाले. निरोप समारंभात साहेबांचं भाषण चालू असताना मी उठले आणि मोठ्यानं म्हणाले, "तेल मी घातलं होतं." सगळे वळून बघायला लागले. साहेब म्हणाले, "अब क्या फायदा? कागज ऊपर जा चुका."

फाटकाशी उस्तादांना गाठलं. रिक्षात ट्रंक चढवली होती. मी रडत माफी मागितली.

"शेऱ्याचं नाही गं वाईट वाटलं, पोरी," ते म्हणाले. "हाताच्या अंतरावर उभी होतीस, आणि बोलली नाहीस. त्याचं वाटलं."

रिक्षा गेली. गावचा पत्ता विचारायचाही धीर मला झाला नाही.

आता मी नोकरी करते. चूक झाली की त्याच मिनिटाला, चालू मीटिंगमध्ये उठून सांगून टाकते. लोकांना वाटतं, बाई भारी प्रामाणिक. प्रामाणिक कसली डोंबलाची! तीन आठवडे उशिरा बोललेली बाई आहे मी.