उन्हाळ्यात सुटणारी खिडकी

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून जिजाबाईंचं सगळं जग अजनीच्या रेल्वे क्वार्टरातल्या एका खिडकीत येऊन बसलं होतं. खिडकी इंग्रजांच्या वेळची, काचेची चौकट वरखाली सरकणारी. दोन्ही बाजूंच्या लाकडात लोखंडी वजनं लपवलेली, ती कप्पीवरून दोरीनं चौकटीला बांधलेली. त्यामुळे चौकट हलक्या हातानं वर जायची आणि सोडाल तिथं थांबायची. सकाळचा चहा झाला की जिजाबाई ती वर सारून दिवाणावर बसायच्या. मग बाजारातून येणारी प्रत्येक बाई पिशवी खाली ठेवून तिथं घटकाभर टेकायची.

सून प्रेमिला आतून ऐकायची. करपलेली डाळ, नवऱ्याची म्हणजे मधुकररावांची हुकलेली बढती, सगळं त्या खिडकीतून बाहेर जायचं. ती सोसत होती. पण दुसऱ्यांदा दिवस राहिले आणि गेले. दवाखान्यातून ती घरी आली, आणि लगेच नळावर शेजारच्या शोभाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मन छोटं नोको करू वं. जिजाबाईनं सांगतलं मले. या बारीबी राहिलं नाही म्हने."

प्रेमिलानं बादली भरली आणि घरी आली.

दिवाळीच्या तोंडावर रंगारी आला. सासूबाई न्हाणीत होत्या. "या खिडकीच्या फटीतही भरा रंग," प्रेमिला म्हणाली.

"भाभीजी, चिपक जायेगी."

"चिपकू द्या."

जिजाबाईंनी दोन दिवस चौकट ढकलून पाहिली. "औंदा पानी लय झाला. लाकूड फुगलं वं हे. उन्हाळ्यात सुटन आपोआप."

"हो, फुगते लाकूड," प्रेमिला म्हणाली. एवढंच काय ते खोटं. पण ते सगळा हिवाळा पुरलं.

बाया काचेपलीकडून हात करायच्या, ओठ हलवायच्या आणि पुढं जायच्या. हळूहळू त्यांची बैठक शोभाताईंच्या व्हरांड्यात भरू लागली. प्रेमिलाला हवी होती तशी घरात शांतता झाली. जेवताना जिजाबाई विचारायच्या, "आज कोन भेटलं वं तुले?" आणि "कोणी नाही" म्हणत प्रेमिला त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढायची.

महाशिवरात्रीपासून जिजाबाई रोज दोन्ही तळवे चौकटीला लावायच्या. "अजून ऊन पुरतं तापलं नाही," म्हणायच्या. मे आला. कपाटांची दारं वाळून तडतडू लागली, पाटांना भेगा पडल्या, तरी त्यांचं तेच. एका दुपारी प्रेमिला खोलीत आली तर जिजाबाई डोक्याला लावायच्या बाटलीतलं खोबरेल बोटानं त्या रंगावर चोळत होत्या.

"जुनं लाकूड आहे. त्यालेबी तेल लागते, आपल्यासारखं."

त्या दिवशी प्रेमिलाला जेवण गेलं नाही. ताट झाकून ती उठली. पोळ्या उलथायचा सराटा आणि जुनं ब्लेड घेऊन खिडकीशी बसली. फटीतून रंगाच्या लांब साली निघू लागल्या. फडकं गुंडाळलेल्या वरवंट्यानं तिनं चौकटीला चहूकडून ठोकलं. चौकट कडकन सुटली, तशी एका बाजूची कुजलेली दोरी तुटून वजन आत धाडकन आदळलं. शेजारी रेल्वेचा सुतार आला होता तेव्हा तिनं पाहिलं होतं. बाजूच्या लाकडात एक झाकण असतं. तिनं ते उचकटलं, वजन बाहेर काढलं, नवी सुती दोरी कप्पीवरून ओवून पक्की बांधली आणि वजन परत आत सोडलं.

जिजाबाई दिवाणावरून सगळं पाहत होत्या. मांडीवर पडलेली रंगाची साल त्यांनी उचलली, बोटांत ताणून पाहिली.

"केवढा रंग खाल्ला वं हिनं."

"आत्याबाई, मी..."

"खाचेत मेनबत्ती घास. सरकन चांगली."

दुसऱ्या सकाळी खिडकी वर गेली. जिजाबाई केस विंचरून बसल्या. बाया आल्या, सवयीनं लांबूनच हात केला आणि शोभाताईंच्या व्हरांड्याकडे वळल्या. ऊन दिवाणावर आलं तरी कोणी टेकलं नाही. जिजाबाई मात्र हलल्या नाहीत.

प्रेमिलानं पदराला हात पुसले, रिकामी पिशवी घेतली आणि मागच्या दारानं वळसा घालून खिडकीखाली येऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं सासूला नावानं हाक मारली.

"काय वं जिजाबाई, काय नवीन?"

जिजाबाईंच्या तोंडावर हसू आलं आणि अर्ध्यातच थांबलं. "नवीन काय राहते? आमच्या घरचं मी आता बाहेर सांगत नाही, बाई."

प्रेमिलाला मान वर करवेना. पिशवीचा बंद तिनं बोटाला गुंडाळला, सोडला. मग तिनं पिशवी खाली ठेवली.

"मंग मी माह्या घरचं सांगू काय? दिवाळीच्या वक्ताचं आहे."

जिजाबाई जराशा पुढं सरकल्या, कान खिडकीबाहेर काढला.

"सांग. पन हळू सांग. त्या शोभाचे कान लंबे आहेत."