बेलभंडाऱ्याची शपथ

अकोटला सरकी काढायच्या जिनात मी फिटर होतो आणि युनियनचा सेक्रेटरीही. यंत्रात कापूस घालणाऱ्या बायांना आमच्याकडे रेजा म्हणत. त्यांतल्या एकीचा उजवा हात रुळात सापडला, तीन बोटं गेली. नवरा नव्हता, पदरी दोन पोरी. मालकानं तिला घरी बसवलं, तसा आम्ही संप पुकारला. कागदावरच्या अंगठ्यांवर माझा भरवसा नव्हता. मीच शहाणपणा करून मारुतीच्या पारावर सगळ्यांना बेलभंडार उचलायला लावला, की तिला परत घेतल्याशिवाय फाटकात पाय टाकायचा नाही.

नवव्या दिवशी नागपूरहून फेडरेशनचा माणूस आला. देशभरच्या युनियनांचं हे फेडरेशन, आम्हाला त्याचा कोण अभिमान. तो म्हणाला, "स्वराज्य नुकतंच आलंय, सरकार आपलं आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. वरून ठरलंय, संप मागे घ्या. बाईंचं प्रकरण मंत्र्यांपुढे मांडू."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू?

पण बाया हटेनात. त्यांची म्हातारी मुकादमीण म्हणाली, "भाऊ, बेलभंडार वरच्यायनं नाई उचलला, आमी उचलला. जिच्यासाठी उचलला तिनं 'सुटली' म्हटलं, तरच सुटन." शपथ आमच्याकडे अशीच सुटते, हे मलाही ठाऊक होतं.

म्हणजे आता तिच्याच दारात जाऊन तिचीच रोजी सोड म्हणायचं. गेलो. ती डाव्या हातानं ज्वारी निवडत होती. मी स्वराज्य सांगितलं, फेडरेशन सांगितलं, मंत्री सांगितले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मंत्री मले कामावर लावतीन का?"

"लावतीन," मी म्हणालो. मला काय माहीत होतं, कपाळ?

सकाळी ती फाटकाशी आली. बायांकडे बघून एकदाच म्हणाली, "सुटली." त्या खाली मान घालून आत गेल्या, त्यांच्या मागून मी गेलो. ती बाहेर राहिली.

तिचा अर्ज मंत्र्यांपर्यंत पोचला की नाही, ते मी विचारलंच नाही. हंगाम संपायच्या आत ती पोरींना घेऊन अकोट सोडून गेली. फेडरेशनच्या पत्रकात आमच्या संयमाची तारीफ छापून आली, आणि उन्हाळ्यात मला प्रांताच्या कमिटीवर घेतलं. आज लाज वाटते, तेव्हा नाही वाटली. नागपूरच्या पहिल्या बैठकीला मी नवा कोट शिवून गेलो.