मामांचं नाक

मामांच्या नाकापुढं कुणाचं काही चालायचं नाही. लेणी बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी औरंगाबादेत एक हॉटेल होतं. तिथल्या जेवणाच्या हॉलचे मामा कॅप्टन, आम्ही वेटर. रोज सकाळी आम्हाला रांगेत उभं करून ते एकेकाचं तोंड हुंगायचे. "कांदा खाल्लास. मागं हो!" असं म्हणाले की त्या दिवशी वाइनच्या बाटलीला हात लावायचा नाही, नुसते ग्लास विसळायचे. काय संताप यायचा त्या माणसाचा!

मूळचे कन्नड तालुक्यातले शेतकरी; पण फ्रेंच रेड वाइन त्यांनी आम्हाला घरच्या माणसांसारखी समजावली. "हिच्यात तीन जातींची द्राक्षं हायेत. एक लई कडक, दुसरं त्याला मऊ करतं, तिसरं नुसतं वासापुरतं. एकट्याचं हे काम नाय." घोट तोंडात घोळवून थुंकायचा, गिळला की पाठीत रट्टा. या वाइनबरोबर ते पाहुण्यांना आपला नान-खलिया खायला लावायचे. "मटणाची चरबी जिभेवर बसली की हिचा तुरटपणा गप बसतो," असं आम्हाला सांगायचे. पाहुणे खायचे आणि दुसरी बाटली मागवायचे.

एकदा मामा पंधरा दिवस तापानं पडले. परत आले त्या सकाळी मी घाईत भाकरीबरोबर कांदा खाऊन रांगेत उभा राहिलो होतो. मामांनी हुंगलं. "साफ हाय. पुढं ये." माझं आ वासलेलं तोंड बघून त्यांना काय ते कळलं. दुपारी त्यांनी मला कोठीत गाठलं.

"तापात नाक गेलं रे माझं. मालकाला कळलं तर घरी बसवतील. या हॉलाबिगर मी काय करू? बूच तू काढतोस. बाटली खराब निघाली तर नॅपकिन या खांद्यावरून त्या खांद्यावर टाक. मी वळखीन."

मी आईची शपथ घेतली. काही महिने पाळलीही. पण कांदा मात्र रोज खायला लागलो आणि रांगेत मुद्दाम त्यांच्या तोंडावर श्वास सोडायचो. मला कॅप्टन व्हायचं होतं. नालायकपणा, दुसरा शब्द नाही.

एका दुपारी मालक स्वतः फ्रेंच पाहुण्यांना घेऊन जेवायला बसले. मी बूच काढलं. ओल्या गोणपाटाचा वास! मामांनी चवीपुरता घोट घेतला आणि माझ्या खांद्याकडं पाहिलं. मी नॅपकिन तसाच ठेवला. वर हसलो. मामांनी मान डोलावून वाइन ओतली. पाहुण्यानं ग्लासात नाक घातलं आणि तोंड वाकडं करून ग्लास दूर सारला. मालकांनी तोच माझ्यापुढं धरला. मी हुंगलं आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "खराब आहे, साहेब. मामांना वास येतच नाही."

"खरं हाय," मामा म्हणाले. "त्याला बरोबर कळतं. मीच शिकवलंय."

त्याच दिवशी त्यांना घरी जायला सांगितलं. कॅप्टनचा काळा कोट माझ्या हातात देताना ते सवयीनं माझ्या तोंडाजवळ वाकले. हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"काय खाल्लंस रे आज?"

"कांदा, मामा."

"मग मागं हो."

मी दारातून मागं झालो. मामा पिशवी उचलून कन्नडच्या एसटीला निघून गेले.