आवाज सारखे करायला

एका बोटाने मी माझ्या धाकट्या भावाचा अख्खा कार्यक्रम बुडवला होता, हे आधीच सांगून टाकते. दिगू रोह्याला कंपनीत शिफ्ट करायचा आणि उरलेल्या वेळात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. त्याच्या पायाशी एक चपटा डबा असे, प्रोसेसर. गाण्यागणिक गिटारचा वेगळा आवाज त्यात सेव्ह केलेला, पण सगळे सारख्याच जोराचे. गाणं बदललं की लोक दचकायला नकोत. कोलाडला कार्यक्रमाआधी तो चहाला गेला आणि लॅपटॉपवरची नवी फाइल डब्यात इम्पोर्ट करायचं काम मी अंगावर घेतलं. पन्नाशीतली, कॉम्प्युटरचा क्लास नुकताच केलेली बाई मी, मला कोण शिकवणार? भरली ती नेमकी जुनी, आवाज सारखे न केलेली फाइल. अंगाईगीत असं गरजलं की पहिल्या रांगेतल्या आजोबांनी काठी उचलली. माझी नातवंडं हे अजून मला करून दाखवतात.

दिगूने माइकवरून मशीन बिघडलं म्हणून सांगितलं. मी मात्र पेणला येऊन घरात बसले ती बसलेच. नवरा गेल्यापासून बाहेर पडायला निमित्त नव्हतं, आता तोंडही नव्हतं. मग एक दिवस त्याचा फोन आला... उजव्या कानाने कमी ऐकू येतंय ताई, आवाज सारखे करायला तूच ये.

गेले. पुढे दर महिन्याला जात राहिले, पिशवीत बिरड्याचे मोड आलेले वाल घेऊन. मी दाराशी बसून वाल सोलायचे, तो एकच ओळ प्रत्येक आवाजात वाजवायचा. जास्त वाटलं की माझं बोट खाली, कमी वाटलं की वर. तो तसं करून सेव्ह करायचा. मला तर कानाचा माजच चढला. पेणला घराशेजारच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या बायकांना मी ऐकवून ठेवलं होतं की रोह्याची गिटार पेणच्या कानावर चालते.

मागच्या महिन्यात दिगू गेला, झोपेतच. त्याच्यासारखीच गिटार वाजवणाऱ्या त्याच्या मुलीने, मुक्ताने, त्याच्या आठवणीत कार्यक्रम ठरवला आणि त्याची शेवटची फाइल तिच्या डब्यात भरली. मी वाल घेऊन हजर. गेल्या खेपेनंतर त्याने बरीच नवी गाणी बसवली होती, म्हणजे आवाज वरखाली असणारच. मुक्ता एकेक वाजवत गेली आणि माझं बोट काही हललं नाही. सगळे आवाज सारखे. हे कोणी केलं, मी विचारलं. बाबांनीच, आत्या, ती म्हणाली आणि आईकडे बघू लागली.

माझ्या जागी त्याने कोणाला तरी बसवलं होतं, एवढंच मला सुचलं. त्याच्या फोटोकडे बघून लबाड म्हणाले, फसवलंस म्हणाले. भांडायचं होतं आणि समोर माणूस नव्हता. तो राग हे लिहितानाही गेलेला नाही, उलट खरं कळल्यावर वाढलाच. वाल तसेच ठेवून मी आत गेले. वहिनी मागोमाग आली, माझा हात धरला आणि म्हणाली,

"कान ठणठणीत होते त्यांचे, वन्सं. सगळं स्वतःच सारखं करायचे, आणि तुम्ही यायच्या आदल्या दिवशी त्यातले दोन-चार मुद्दाम बिघडवून ठेवायचे. ह्या वेळी तेवढं राहून गेलं."