प्याल्यातला शेवटचा घोट

मार्गशीर्षातल्या त्या सकाळी प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्याचा उग्र वास होता आणि खिडकीतून येणारा गुऱ्हाळाच्या धुराचा गोड दर्प त्यात हलकेच मिसळत होता. सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी मी तीनदा पाहिली. निळसर पार्श्वभूमीवर महारोगाच्या जंतूची एकही तांबडी काडी उरली नव्हती. विज्ञानाची पदवी नुकतीच हाती आलेली, पुण्याच्या संशोधनशाळेची ओढ लागलेली मी तेव्हा मिशनच्या दवाखान्यात काम करीत होते, आणि व्हरांड्यात बसलेल्या उचगावच्या तानूमावशींना तो निष्कर्ष सांगताना मला स्वतःचाच अभिमान वाटला.

“म्हंजे माजं उष्टं आता चालतंय म्हना की,” मावशी हसल्या. मग हळूच म्हणाल्या, “व्हय गं पोरी, देवळात माज्या मागनं कोन पिईल का?”

आमच्या ख्रिस्ती देवळात प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचा प्याला सर्वांना मिळून एकच असे. मावशी दाराच्या पायरीवर बसत आणि सर्वांच्या शेवटी पुढे येत, कारण त्यांच्यानंतर त्या प्याल्याला कुणी ओठ लावीत नसे. हा नियम कुणी केलेला नव्हता; तो आमच्या सौजन्यातूनच रुजला होता. उपेक्षितांकडे जा, या आज्ञेवरची प्रवचने ऐकून आम्ही बैलगाड्यांतून औषधे आणि गीते घेऊन दूरदूरच्या खेड्यांत जात असू. ती पायरी मात्र वाटेत लागत नसे.

“मी येईन,” मी म्हणाले. “येत्या रविवारी, तुमच्या मागून.”

“बग हां. शिकल्याली मानसं इसरत्यात.”

मी विसरले नव्हते. रविवारी आमची रांग उठली, आईने माझ्या कोपराला धरून “चल” म्हटले, आणि मी नेहमीच्या जागी, नेहमीच्या क्रमाने प्याले. जंतू नाहीत हे त्या देवळात सर्वांत निश्चितपणे मलाच माहीत होते; भय होते ते सतरंजीवरून उचलल्या जाणाऱ्या नजरांचे.

शेवटी मावशी पुढे आल्या. एक घोट घेऊन त्यांनी पदराने प्याल्याची कड पुसली आणि तो परत केला. पाळकसाहेब म्हणाले, “संपवा, मावशी.”

“ऱ्हाऊ द्या की. मागनं येनार हाय कुनीतरी.”

मी मान खाली घातली. पाहणाऱ्यांना ती प्रार्थना वाटली असेल.

त्यानंतर पायरी रिकामीच राहिली. पुण्याला निघण्यापूर्वी मी उचगावला गेले, तेव्हा मावशींनी घोंगडे अंथरले. “या पावणं, बसा,” त्या म्हणाल्या. पूर्वीची ‘पोरी’ कुठे गेली होती? त्यांनी गुळाचा खडा आणि पाणी पुढे ठेवले. “शेजारनं आनलाय तांब्या. बिनघोर घ्या.”

पाणी गार होते. मी ते प्याले. त्यांचा स्वतःचा तांब्या कोपऱ्यात भरलेला होता, हे मला दिसत होते.

आजही एखादी काचपट्टी स्वच्छ निघाली की मी नोंदवहीत तसे लिहिते आणि लेखणी हातात धरून क्षणभर बसून राहते. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी वाट पाहत असते, आणि ही बातमी ऐकल्यावर ते मला काय विचारील, हे मला ठाऊक असते.