देवव्रतने वळवलेला रस्ता

माझा नवरा देवव्रत दोह्यात रस्ते वळवतो. वर्ल्ड कपसाठी सगळं शहर खणून ठेवलंय, आणि आमच्या भागातल्या डायव्हर्जनचे नकाशे हाच काढतो. तरी माझ्या सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणाला निघालो, तेव्हा स्वतःच्याच डायव्हर्जनमध्ये हा हरवला!

कार्यक्रम ज्यांच्या घरी होता त्या शेजारच्या अल मुंतझा भागातल्या मीनाकाकू ओटीचं ताट घेऊन खोळंबलेल्या. फुलांचे दागिने घालून मी गाडीत घामाघूम. भर दुपारी धुळीने बाहेर सगळं पिवळं झालेलं. जुनं जॅकेट घातलेला, झेंडा दाखवून गाड्या वळवणारा तोच झेंडेवाला तिसऱ्यांदा दिसला, तेव्हा मी भडकले.

"अरे, त्याला तरी विचार!"

"पुतळा आहे गं तो. मीच उभा केलाय. हात डावीकडे, नटबोल्टने आवळलेला."

चौथ्या फेरीला त्याचा हात उजवीकडे होता. देवव्रतने गाडी उजवीकडे घातली आणि पाच मिनिटांत आम्ही मीनाकाकूंच्या दारात होतो.

दोघं पानावर बसलो. शेवटी मी हळूच विचारलं, "त्या पुतळ्याच्या अंगातलं जॅकेट कुणाचं रे?"

"आमच्या एका नेपाळी झेंडेवाल्याचं. गेल्या उन्हाळ्यात तिथेच ऊन लागून गेला. जॅकेट चांगलं होतं, म्हणून..."

"म्हणून पुतळ्याला चढवलंस?"

त्याने मान वर केली नाही. "रजा मागत होता गं. बायकोला सातवा लागला होता. मीच म्हटलं, हा रस्ता पुरा होऊ दे, मग जा."